बिनहाताच्या खुर्च्या

केशोरीचं नाव बाहेर निघतं ते मिरचीमुळे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या या टोकाला, गडचिरोलीच्या सीमेजवळ, धानाच्या बांध्या, मिरचीचे वावर आणि मागे जंगल. जुन्या फर्निचरचं दुकान आमच्या गावात नाही. तरीही माझ्या घरातल्या जुन्या खुर्च्या बहुतेक याच पट्ट्यातून आल्या आहेत. कुणाच्या माळ्यावर होत्या, कुणाच्या गोठ्यात कडब्याखाली. काही नागपूरच्या लिलावातल्या माणसाकडून आल्या, एक मुंबईहून. जवळजवळ सगळ्या बिनहाताच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी, भिंतीला लागून किंवा पलंगाच्या उशाशी ठेवायच्या साध्या खुर्च्या. त्या निवडता निवडता जे उमजत गेलं ते इथे सांगते. तुमच्याकडची झाडं वेगळी असतील, घरं वेगळी असतील, तुमचे धडे तुम्हाला वेगळे सापडतील.

१. आमच्या भागात खुर्ची ही मुळात बसायची वस्तू नव्हती, मानाची होती. इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांतात गावाचा सारा मालगुजार गोळा करायचा. त्याच्या वाड्याच्या ओसरीवर दोन-चार खुर्च्या असत. हातांची एक, ती त्याची. बाकीच्या बिनहाताच्या, आलेल्यागेलेल्या साहेबासाठी, कारकुनासाठी. रयत खाली बसे, बायका आत असत. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. मालगुजारांचे तलाव सरकारकडे गेले, त्यांची मोजणी झाली, आजही त्यांना ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. वाड्यातल्या सामानाची मोजणी मात्र भावाभावांनी आपापसात केली. हातांची खुर्ची थोरल्याने ठेवून घेतली आणि बिनहाताच्या चार दिशांना गेल्या. म्हणून हातांची जुनी खुर्ची दिवाणखान्यात फोटोखाली दिसते आणि बिनहाताची गोठ्यात सापडते. माझा जीव दुसरीवर जडला. तिच्यावर कोण बसलं असेल हे कुणाला ठाऊक नसतं, आणि तरी तिची झीज बघून कळतं की कुणीतरी पुष्कळ बसलंय.

२. झीज वाचता आली की अर्धी निवड झाली. पुढच्या आडव्या पट्टीवर लोक टाच टेकवतात, तिथे लाकूड खोलगट होतं. पाठीची वरची पट्टी खुर्ची ओढताना हाताला येते, तिथे ते काळपट आणि गुळगुळीत होतं. मागचे पाय जमिनीला घासून तिरके झिजतात. जिथे अंग लागतं तिथेच खरी झीज होते. नव्या खुर्चीला जुनं रूप देणारे कारागीर साखळीने ठोकतात, चहाचं किंवा पोटॅशचं पाणी लावतात. ते हाताने चांगलं काम करतात, पण त्यांची झीज सगळीकडे सारखी पडते. बैठकीच्या आतल्या कोपऱ्यावरही ओरखडे दिसले, तर थोडं थांबावं. तिथे कुणाची टाच पोचत नाही.

३. खुर्ची सरळ उभी असताना तिच्याबद्दल फार थोडं कळतं. उलटी करा. खालची बाजू कुणी दाखवायला म्हणून केलेली नसते, त्यामुळे तिथे सगळं खरं असतं. रंध्याचे किंचित उंचसखल पट्टे हाताला लागतात का? करवतीच्या खुणा सरळ आहेत की गोलाकार? गोलाकार असतील तर लाकूड गोल पात्याच्या यंत्रावर चिरलेलं आहे. पायात आडवी पट्टी कशी शिरली आहे ते पाहावं. चांगल्या कामात पट्टीचं टोक तासून पायातल्या चौकोनी खाचेत घट्ट बसवलेलं असतं आणि वरून लाकडाची खुंटी मारलेली असते. चुका ठोकून जोडलेली खुर्ची आमच्या उन्हात फार टिकत नाही. सांध्यात सरस असेल तर तो जुना होऊन काचेसारखा तडकतो, पण त्याची मोठी सोय आहे: गरम पाण्याने तो सुटतो आणि सांधा लाकूड न फाडता उघडून पुन्हा जोडता येतो. आजच्या गोंदांची तशी गोष्ट नाही. स्क्रू असेल तर त्याचं डोकं बघावं. एकच सरळ खाच असेल तर तो जुना असू शकतो. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाला आणि आपल्या सुतारांच्या हाती त्याच्या बऱ्याच नंतर आला. शंभर वर्षांची म्हणून सांगितलेल्या खुर्चीत चारही कोपऱ्यांना फुलीचे स्क्रू असतील, तर निदान दुरुस्ती अलीकडची आहे एवढं नक्की.

लाकूड ओळखायला मला गावातल्या सुतारदादांनी शिकवलं. आमच्याकडे सागवान घरोघरी ओळखीचं. आलापल्लीचं सागवान म्हणजे काय हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं तेव्हा आमच्या भागाला त्याचा अभिमान वाटला. पण जुन्या खुर्च्यांत बीजाही निघतो, शिवणही निघते, क्वचित शिसवही. बीज्याचा एक छिलका दादांनी पेल्यातल्या पाण्यात टाकला. थोड्या वेळाने पाणी पिवळसर झालं आणि उन्हात धरल्यावर त्यावर निळी झाक चमकली. ‘आता सांगा कोन्ता आहे,’ म्हणाले. सागवानातही सगळं सारखं नसतं. गाभा तपकिरी आणि तेलकट, त्याला उधई सहसा लागत नाही. बाहेरचं लाकूड फिकट पांढरं, ते किडा आधी खातो. पायात असा फिकट पट्टा असेल तर तिथे नख रोवून बघावं.

४. सारवलेल्या जमिनीवर लंगडी खुर्चीसुद्धा सरळ बसते. कुणाच्या ओसरीवर खुर्ची बघायला गेलं की ती नेहमी ठीकच वाटते, कारण माती तिच्या पायांना सांभाळून घेते. गुळगुळीत फरशीवर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबून पाहिल्याशिवाय पाय सारखे आहेत की नाही ते कळत नाही. फरशी नसेल तर एखादा सपाट दगडी पाट किंवा दरवाजाची फळी आडवी टाकून मी बघते.

५. जुनी खुर्ची बघायची तर मे महिन्यात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, लाकडातला बराचसा ओलावा निघतो, सांधे आकसतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि सैल सांधाही घट्ट झाल्यासारखा वाटतो. ऑगस्टमध्ये ठणठणीत दिसलेली खुर्ची एप्रिलमध्ये कुरकुरू लागते, यात विकणाऱ्याची लबाडी नसते, हवामान असतं. मे महिन्यात जी हलवूनही बोलत नाही ती घ्यावी. आणि घरी आणल्यावर लगेच आत घेऊ नये. काळ्या कागदावर पाय ठेवून सपरीत काही दिवस राहू द्यावी. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर आत किडा जिवंत आहे. नुसती भोकं असतील आणि भुकटी पडत नसेल, तर तो बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो.

६. पॉलिश उतरवायची घाई करू नये. या बाबतीत माझं मत ठाम आहे, आणि त्यामागे आमच्या जिल्ह्याचा अभिमानही आहे. जुन्या खुर्च्यांवर असतं ते फ्रेंच पॉलिश, आणि फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख. पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर किडा लाख तयार करतो. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा होतो आणि स्पिरिटमध्ये विरघळला की पॉलिश. गोंदियाचं नावच गोंदावरून पडलं असं सांगतात. भोवतालच्या जंगलातून गोंड लोक डिंक आणि लाख इथल्या बाजारात आणत. म्हणजे नाव फ्रेंच असलं तरी जीव आपल्या पळसाचा. कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात देत ते चढवतात. ओळखायची रीत सोपी. बैठकीखाली, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा एक थेंब टाकावा. थोड्या वेळात चिकट झालं तर लाख, काहीच झालं नाही तर अलीकडचं यंत्राने मारलेलं पॉलिश.

लाखेचं पॉलिश नाजूक असतं हे खरं. गरम कप ठेवला की पांढरं वलय उमटतं, पाणी साचलं की फिकट पडतं. पण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून हवी तेवढीच जागा दुरुस्त करता येते. यंत्राने घासून लाकूड उघडं केलं तर खुर्ची नवीकोरी दिसते, आणि तिच्या अंगावरचं साठ-सत्तर वर्षांचं ऊन आणि हात एका दुपारी भुशात जातात. ते परत आणायला कुठलाही पॉलिशवाला समर्थ नाही.

७. मुंबईच्या इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची पाहिली की कोणाचंही मन तिच्यावर बसतं. माझंही बसलं. तिची गोष्ट मोठी आहे. मिखाएल थोनेट या कारागिराने बीच नावाचं लाकूड वाफेने मऊ करून वाकवण्याची रीत व्हिएन्नात पक्की केली आणि १८५९ मध्ये त्याची चौदा नंबरची खुर्ची निघाली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती आगबोटींनी जगभर पोचली. पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली आणि मग कितीतरी कारखान्यांनी तसल्या खुर्च्या काढल्या. म्हणून बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी चिठ्ठी किंवा ठसा शोधावा. तो नसेल तर खुर्ची वाईट ठरत नाही, फक्त थोनेटची म्हणून पैसे देऊ नयेत.

पण मला चकित केलं ते लाकडाने. बीच आपल्याकडचं झाड नाही, आणि उधईशी लढायची ताकद त्याच्यात नाही. मुंबईच्या लादीवर, रोज पुसल्या जाणाऱ्या हॉटेलात ते कित्येक दशकं टिकलं. केशोरीच्या मातीच्या ओसरीवर ते एका पावसाळ्याचं गिऱ्हाईक. माझी मुंबईची खुर्ची म्हणून आत, फरशीवर, भिंतीपासून हातभर दूर असते. ओसरीवर बसायला येतात त्या सागवानाच्या. खुर्ची किती सुंदर आहे याच्याइतकंच ती कुठल्या जमिनीवर उभी राहणार आहे हे बघावं लागतं, हे तिने शिकवलं.

८. कचेरीच्या खुर्च्यांना लोक नाकं मुरडतात. मला त्या फार आवडतात. नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचं शहर होतं, तिथल्या कचेऱ्यांसाठी भक्कम सागवानाच्या, बिननक्षीच्या खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या बनल्या. त्यांच्या खाली पांढऱ्या रंगाने नोंदवहीचा नंबर लिहिलेला असतो. रेल्वेच्या सामानावर कंपनीची आद्याक्षरं कोरलेली असत. गोंदियाहून आमच्या अर्जुनी, वडशावरून चांदा फोर्टकडे जाणारा मार्ग आधी नॅरोगेज होता, बंगाल नागपूर रेल्वेचा. त्या काळाचं काही बघायचं असेल तर नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जरूर जावं. नंबर किंवा अक्षरं असलेली खुर्ची कुणी विकायला आणली तर लिलावाची पावती मागावी. आणि घेतलीच तर तो नंबर खरवडून टाकू नये.

९. वय ऐकून दर देऊ नये. पुरावस्तूंबद्दलचा आपला कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या हिशेबाने फर्निचर पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक खुर्च्या त्याहून तरुण असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. चंडीगडचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. वास्तुकार ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने १९५० च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या, उलट्या ‘व्ही’सारख्या पायांच्या खुर्च्या आखल्या. मोडल्या तशा त्या गच्च्यांवर फेकल्या गेल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या, आणि परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांची बोली लागली. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्या बाहेर जाऊ नयेत म्हणून आदेश काढला. शंभर वर्षं तर सोडाच, त्यांना साठही पुरी झाली नव्हती. माझा अनुभव एवढाच की खुर्चीला जितके पैसे देऊ तितकेच दुरुस्तीला बाजूला ठेवावेत, आणि मनात ठरवलेली रक्कम त्या बेरजेची असावी.

१०. सहाचा जोड शोधत बसू नये. वाटण्यांमध्ये फुटलेले जोड पुन्हा जुळत नाहीत. माझ्या टेबलाशी चार तऱ्हेच्या खुर्च्या आहेत. जुळायला हवी ती फक्त बैठकीची उंची, साधारण सतरा-अठरा इंच. बैठक आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत दहा-बारा इंच अंतर राहिलं की जेवताना खांदे वर उचलावे लागत नाहीत. जुन्या खुर्च्यांचे पाय कुजल्यामुळे बऱ्याचदा खालून कापलेले असतात, म्हणून टेप सोबत ठेवावी.

११. वेताची बैठक विणणाऱ्या माणसापुढे मी जितकी नम्र झाले तितकी दुसऱ्या कुणापुढे नाही. वेताचं काम दोन तऱ्हेचं असतं. एकात बैठकीच्या चौकटीला ओळीने भोकं असतात आणि वेताची पट्टी त्यातून हाताने विणतात: दोनदा उभी, दोनदा आडवी, मग दोन्ही बाजूंनी तिरपी, शेवटी कडेची पट्टी. दुसऱ्यात यंत्राने विणलेली तयार जाळी खाचेत दाबून बसवतात. भोकं असलेल्या चौकटीवर तयार जाळी खिळ्यांनी ठोकलेली दिसली की मला वाईट वाटतं, कारण खिळ्यांनी चौकट चिरते.

अंधशाळांमधून वेत विणणं शिकवलं जात असे, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याच्या कामावर दृष्टिहीन कारागीर नेमत असत. नागपूरला मला भेटलेले काका त्यांतलेच, आता निवृत्त. मी खुर्ची त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पाठीवरून, पायांवरून, चौकटीवरून सावकाश हात फिरवला आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात दोन भोकांच्या मध्ये नख टेकवलं. ‘इथे चीर आहे. आधी सुताराकडे न्या. मी आता ताण दिला तर चौकट फाटेल.’ ती खुर्ची मी भर उन्हात निरखलेली होती, सुतारदादांनीही. आम्हा दोघांना ती चीर दिसली नव्हती. नंतर खुर्ची विणून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं ते मी अजून पाळते: उन्हाळ्यात बैठकीच्या खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. वेत वाळताना ताणला जातो, आणि कोरडा पडून तुटत नाही. वरून पाणी लावायचं नाही, पॉलिश जातं.

१२. खुर्ची कोणासाठी घेतोय हे आधी ठरलेलं बरं. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं सगळं आयुष्य धानाच्या बांध्यांत वाकून गेलं. गुडघे वाकत नाहीत, तरी आल्या की खालीच बसायच्या. ओसरीवर मालगुजाराच्या वाड्यातली खुर्ची ठेवलेली असताना त्यांना वर बसवेना. ‘तिच्यावर कशी बसू बाई,’ म्हणायच्या. मी आग्रह केला नाही. पहिल्या मुद्द्यात लिहिलेलं सगळं मला त्यांच्या त्या एका वाक्याने कळलं, पुस्तकांनी नाही. मग सुतारदादांकडून एका दुसऱ्या खुर्चीचे पाय सोळा इंचांवर बेतून घेतले. तिचे पाय आधीच कापलेले होते, म्हणून मनाला लागलं नाही. आजींना ती बुटकी, आपलीशी वाटली. आता त्या तिच्यावर बसून मिरच्यांची देठं काढतात, आणि मोठ्या खुर्चीवर त्यांची नात अभ्यास करते. जुन्या खुर्चीची निगा म्हणजे तिला दोरी बांधून ‘बसू नये’ लिहिणं, हे मला कधीच पटलेलं नाही. वेत माणसाच्या वजनासाठी विणलेला असतो, आणि सांधा सैल होतोय हेही बसल्याशिवाय कळत नाही.

तुम्हीही जुनी खुर्ची घ्यायच्या विचारात असाल तर एक विनंती आहे. आधी आपल्या भागात वेत विणणारं कोण उरलंय याचा शोध घ्या. अंधशाळेत विचारा, जुन्या सुताराला विचारा, कचेरीतून निवृत्त झालेल्या शिपायाला विचारा. माझ्या ओळखीचे काका आता फार काम घेत नाहीत, आणि त्यांच्याकडून शिकायला अजून कुणी आलेलं नाही. माळ्यावर फाटक्या बैठकीची खुर्ची पडली असेल तर ती या वर्षीच खाली काढा आणि अशा हातांकडे न्या.